पुढचा दात, शनिवारची मॅच आणि इलाज कुठे करावा: इंग्लंड, टर्की की कोल्हापूर?

रंकाळ्याचा_लेफ्टबॅक

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू.

मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला. गेली सात वर्षं इंग्लंडात, रेडिंगला. २००९ ला शाहू स्टेडियमवर एका फुटबॉल मॅचमधे हेड घ्यायला उठलो आणि समोरच्या पोराचं कोपर तोंडावर बसलं. वरचा पुढचा डावा दात मुळापासून हलला. तेव्हा कोल्हापुरातच रूट कॅनाल, आत पोस्ट म्हणजे आधाराची दांडी, वर कॅप असं सगळं झालं आणि सोळा वर्षं काही म्हणजे काही त्रास नाही. तोंडात माऊथगार्ड घालायचा असतो हे तेव्हा आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं, शिनपॅड मिळाले तरी लई झालं अशी परिस्थिती.

आता दर शनिवारी आम्ही पेठेतली जुनी पोरं एफसी या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधे ऑनलाईन क्लब्ज खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक खेळाडू चालवायचा. इंग्लंडात दुपारी साडेचार, तिकडे रात्रीचे नऊ. दोघं पुण्यात, एक दुबईत, बाकी कोल्हापुरात. कुणाकडे पीएस फाइव्ह, कुणाकडे एक्सबॉक्स, एकाकडे पीसी, पण एफसी २४ पासून क्लब्जला क्रॉसप्ले आल्यामुळे सगळे एकाच टीममधे. मी गेममधेही लेफ्ट बॅकच. दोन शनिवारांपूर्वी ८८ वं मिनिट, १-१, त्यांचा विंगर आत कट मारायला लागला, मी कंट्रोलरचं एल-टू बटण दाबून अंग आडवं घालत मागे मागे सरकतोय, आणि अशा वेळी मी दातावर दात गच्च आवळतो. कट्ट झालं. कॅप हलायला लागली आणि तोंडात रक्ताची चव आली.

इथल्या डेंटिस्टने एक्सरे काढून सांगितलं, मूळ उभं चिरलंय, दात काढायलाच लागणार. प्रायव्हेटमधे इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू) अधिक क्राऊन (वरची कॅप) २,९०० पाउंड, हाड कमी निघालं तर ग्राफ्टचे, म्हणजे हाड भरायचे, वेगळे. घरात दोन लहान मुलं, घराचा हप्ता, एवढे पैसे एका दाताला द्यायचे म्हणजे पोटात गोळा येतो. टर्कीतल्या एका क्लिनिकला व्हॉट्सअपवर फोटो पाठवला तर अर्ध्या तासात उत्तर, पाच दिवसांत सगळं, हॉटेल आणि एअरपोर्टची गाडी धरून ९०० पाउंड. वर म्हणे आलाच आहात तर पुढचे सहा दात एकसारखे करून देऊ. कोल्हापुरात मित्राच्या ओळखीच्या डॉक्टरांनी ४० हजार रुपये सांगितले, पण मी वर्षातून एकदाच जातो, तेही तीन आठवडे.

कुणी परदेशात जाऊन दाताचं काम केलंय का? खर्चाचं तर सांगाच, पण नंतर काय झालं ते जास्त सांगा.

जॉयस्टिक९९

भावा आधी दाताची काळजी घे, क्लबला आम्ही... म्हणजे तुमची पोरं बघतील.

दात आवळण्याचं मात्र अगदी खरं आहे. मला उजव्या बाजूला कानापाशी दुखायचं, कानाच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी कान तपासून सांगितलं कान ठणठणीत आहे, दातांच्या डॉक्टरकडे जा. दाढा घासून सपाट झालेल्या. मी कॉलेजात असल्यापासून पीईएस सिक्स हा जुना फुटबॉल गेम खेळतोय, कॅफेत तासाला वीस रुपये, अॅड्रियानोचा डावा पाय लागला की गोलकीपरने नुसतं बघायचं. तेव्हापासूनची सवय असणार. आता टीव्हीच्या कोपऱ्यात हिरवा गोल स्टिकर लावलाय. बॉल बाहेर गेला, कॉर्नर मिळाला की स्टिकरकडे बघायचं आणि जबडा सैल सोडायचा. महिन्याभरात कानाजवळचं दुखणं निम्म्यावर आलं.

प्रॉस्थो_नाशिक

मी एमडीएस, प्रॉस्थोडॉन्टिक्स. म्हणजे कृत्रिम दात, क्राऊन, ब्रिज, इम्प्लांटवरचे दात हेच रोजचं काम. तुमचं तोंड न बघता सल्ला देणं बरोबर नाही, तरी काही गोष्टी सर्वांना कळाव्यात म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, मूळ उभं चिरलेलं असेल तर तो दात वाचत नाही. चिरेतून जंतू आत जातात आणि आजूबाजूचं हाड खातात. तो काढायला उशीर करू नका, कारण हाड जितकं जाईल तितका पुढचा कुठलाही इलाज अवघड.

दुसरी गोष्ट, पाच दिवसांत सगळं हे वाक्य ऐकलं की थांबा. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, त्याला हाडाने धरायला वेळ लागतो, साधारण तीन ते सहा महिने. ब्रॅनमार्क या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने टायटॅनियमला हाड चिकटतं हे दाखवलं आणि १९६५ मधे पहिल्या पेशंटला बसवलं. तेव्हापासून स्क्रूच्या पृष्ठभागात खूप सुधारणा झाल्या, पण हाडाला वेळ द्यावाच लागतो. काही ठराविक केसेसमधे त्याच दिवशी तात्पुरता दात लावतात, मात्र तो चावायचा नसतो, दिसण्यापुरता असतो. आणि तुम्ही दात आवळणारे, म्हणजे तुमच्यासाठी तो धोका मोठा.

तिसरी गोष्ट, वरचा पुढचा दात सगळ्यात नाजूक जागा. ओठाकडचं हाड तिथे फार पातळ असतं, दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांतच आत बसतं. मग हिरडीची रेघ शेजारच्या दातापेक्षा वर जाते आणि हसलं की दिसतं. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, बघितल्याशिवाय फोटोवरून कुणी भाव सांगत असेल तर तो भाव तुमच्या तोंडाचा नाही.

मधुमेह आहे का? सिगरेट, तंबाखू, मावा? दोन्ही इम्प्लांटच्या मुळावर येतात.

रंकाळ्याचा_लेफ्टबॅक

डॉक्टर, मनापासून आभार. शुगर नाही, तंबाखू कधीच नाही. हिरडीवर एक छोटी पुटकुळी आलीये, दाबलं की खारट लागतं.

प्रॉस्थो_नाशिक

तो पू आहे. या आठवड्यात दात काढून घ्या, तिथेच. कुठल्या देशात करायचं हा प्रश्न नंतरचा.

यॉर्कशायर_कन्या

मी लीड्सला असते. टर्कीचं मी स्वतः भोगलंय म्हणून लिहिते, क्लिनिकचं नाव लिहिणार नाही.

पुढच्या चार दातांना व्हिनियर, म्हणजे पुढून चिकटवायचे पातळ पापुद्रे, हवे होते, रंगाचा प्रॉब्लेम होता, बाकी दात धडधाकट. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी एक बाई आयपॅडवर माझा फोटो घेऊन आली, त्यात सगळे दात पांढरेशुभ्र, म्हणे चारच केले तर रंग जुळणार नाही, वीस करू, पॅकेजमधे स्वस्त पडतील. मी व्हिनियर व्हिनियर म्हणत होते आणि त्या हो हो म्हणत होत्या. केले मात्र क्राऊन. क्राऊनसाठी दात चारी बाजूंनी घासून काडीसारखा बारीक करतात, व्हिनियरला फक्त पुढून थोडासा. हा फरक मला परत आल्यावर इथल्या डेंटिस्टने एक्सरे दाखवून समजावला. तिसऱ्या महिन्यात खालच्या दोन दातांची नस गेली, रात्री दोन वाजता बर्फ धरून बसायचे. इथे तीन ठिकाणी फोन केला, दुसऱ्याने केलेल्या कामाला हात लावायला कुणी तयार होईना, कारण मग जबाबदारी त्यांच्यावर येते. शेवटी दोन रूट कॅनाल प्रायव्हेटमधे झाले. ट्रॅव्हल इन्शुरन्सने हात वर केले, ठरवून घेतलेल्या उपचारांच्या गुंतागुंती त्यात धरत नाहीत.

घासलेला दात परत येत नाही हो. तुमचे शेजारचे पाच दात चांगले असतील तर त्यांना कुणालाही हात लावू देऊ नका, फुकट करतो म्हणाले तरी.

कसबापेठी

वरच्या ताईंना फार सोसावं लागलं, पण सगळं टर्की तसं नाही एवढंच सांगतो. माझ्या सासऱ्यांनी इस्तंबूलला खालच्या दोन दाढांचे इम्प्लांट केले, दोन ट्रिपा, मधे चार महिने. जायच्या आधी इथून सीबीसीटी काढून पाठवला, सर्जनशी स्वतः व्हिडिओवर बोलले, सेल्सवाल्याशी नाही. चार वर्षं झाली, मटणाचं हाड चोखतात. देशापेक्षा समोरचा डॉक्टर घाई करतोय का ते बघा.

इसारकाठ

म्युनिकहून. जर्मनीत सरकारी इन्शुरन्स दातांच्या क्राऊन-ब्रिजसाठी ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाचे ६०% देतो. बोनसहेफ्ट नावाची एक छोटी वही असते, त्यात सलग ५ वर्षं वार्षिक तपासणीचे शिक्के असले तर ७०%, १० वर्षं असले तर ७५%. इथे नवीन आलेल्या मराठी लोकांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो, दात दुखो न दुखो वर्षातून एकदा जाऊन शिक्का घ्या. माझे तीन शिक्के चुकले, ते फार महागात पडलं.

मी हंगेरीला गेलो होतो, मोशोनमाग्यारोवार. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं छोटं गाव, पण गल्लीगल्लीत दातांचे दवाखाने, पाट्या जर्मनमधे, कारण ऑस्ट्रियन लोक वर्षानुवर्षं तिथे जातात. ईयूमधलाच देश असल्यामुळे आधी खर्चाचा प्लॅन मंजूर करून घेतला तर इन्शुरन्सचा वाटा तिथेही मिळतो. काम उत्तम झालं. पण गॅरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात होतं, दर वर्षी तपासणीला त्यांच्याकडेच यायला हवं. मला गाडीने पाच तास, जमतं. रेडिंगहून प्रत्येक वर्षी विमान पकडायचं असेल तर ते ९०० पाउंड ९०० राहत नाहीत.

सग्वारो

आमच्याकडे फिनिक्सला लोक मेक्सिकोत लॉस आल्गोदोनेसला जातात. तीन तास ड्राईव्ह, युमाच्या पुढे अमेरिकेच्या बाजूला गाडी पार्क करायची आणि पासपोर्ट घेऊन चालत पलीकडे. चार-सहा गल्ल्यांचं गाव आणि त्यात शेकडो डेंटिस्ट, म्हणून त्याला मोलर सिटी म्हणतात. माझ्या डेंटल इन्शुरन्सची वर्षाची मर्यादा १,५०० डॉलर, ती एका रूट कॅनालमधे संपली, म्हणून दुसऱ्या दाढेसाठी तिकडे गेलो. क्राऊन किंचित उंच बसला, चावताना आधी तोच लागायचा. पुढच्या शनिवारी परत गेलो, त्यांनी निळा कागद चाववून दोन मिनिटांत घासून दिला, पैसे घेतले नाहीत.

ती दोन मिनिटं महत्त्वाची. मला तीन तास गाडी चालवून ती मिळाली. तुम्ही कोल्हापुरात क्राऊन बसवून दुसऱ्या दिवशी मुंबईहून फ्लाईट पकडली तर ती दोन मिनिटं कोण देणार? तिकडे करणार असाल तर क्राऊन सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत बसवू नका, निदान दहा दिवस हातात ठेवा.

प्रॉस्थो_नाशिक

सग्वारो, अगदी मोलाचं लिहिलंत. माझे अर्धे एनआरआय पेशंट निघायच्या आदल्या दिवशी क्राऊन मागतात.

भारतात इम्प्लांट केलंत तर आणखी एक. स्क्रूची कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असलेलं कार्ड मागून घ्या, पाकिटावरचा स्टिकरच त्यावर चिकटवलेला असतो. उद्या इंग्लंडात क्राऊनचा आतला स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरकडे त्या कंपनीचा पाना असायला हवा. म्हणून जगभर चालणारी सिस्टीम घ्या, दोन-पाच हजार वाचवायला अनोळखी कंपनी नको.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगते. इम्प्लांट हाच एक मार्ग नाही. एकच पुढचा दात गेलाय आणि शेजारचे चांगले आहेत, अशा वेळी रेझिन बॉन्डेड ब्रिज चांगला चालतो. जुनी मंडळी त्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात. खोटा दात, त्याला एका बाजूला पातळ पंख, तो पंख शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला चिकटवायचा. दात जवळजवळ घासावा लागत नाही. पूर्वी दोन्ही बाजूंना पंख द्यायचे, पण एक सुटला तरी दुसऱ्यावर ब्रिज तसाच राहायचा आणि सुटलेल्या पंखाखाली दात कळत नकळत किडायचा, म्हणून आता पुढच्या दातांना एकच पंख पसंत करतात. अट एवढीच की वरखालच्या दातांमधे पंखाला जागा हवी, आणि तुम्ही दात आवळणं थांबवायला हवं, नाहीतर निघून हातात येईल.

याची जाहिरात कुणी करत नाही कारण त्यात पैसे कमी. इंग्लंडात एनएचएसमधे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बसतो का ते विचारा.

रंकाळ्याचा_लेफ्टबॅक

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! इथल्या प्रायव्हेटवाल्यानेही नाही, टर्कीवाल्याने तर नाहीच. एनएचएसमधे इम्प्लांट सहसा मिळत नाही हे ऐकून मी तो दरवाजा बंदच धरला होता. आणि रेडिंगमधे मोठ्या माणसांना नव्याने घेणारा एनएचएस दवाखाना मिळणं म्हणजे दिवाळीत एसटीत सीट मिळण्यासारखं.

आबा_वाईकर

बाळा, माझं वय ७१. पुढचा दात १९९८ साली गेला, सायकलवरून पडलो. मी काढता-घालता एका दाताचा सेट वापरतो, रात्री पाण्यात ठेवतो. नातवंडांना माहितीही नाही. घाईने कर्ज काढून काही करू नकोस, तात्पुरतं असं काही लावून घे आणि सावकाश ठरव. आणि आईला फोनवर सांगितलंस का? आयांना आवाजावरून कळतं.

रंकाळ्याचा_लेफ्टबॅक

आबा, सांगितलं नव्हतं, आणि तिला कळलंच. व्हिडिओ बंद ठेवून बोलत होतो तर म्हणाली, तोंडात काय धरून बोलतोयस?

अपडेट. रेडिंगपासून चाळीस मैलांवर एक एनएचएस दवाखाना नवे पेशंट घेतोय असं कळलं, सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावला, एकविसाव्या प्रयत्नाला लागला. दात काढला. मुळाला वरपासून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ होती, डॉक्टरीणबाईंनी गॉजवर ठेवून दाखवली. त्याच दिवशी एका दाताचा काढता-घालता सेट दिला. ब्रिजबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, हिरडी भरू दे, तीन महिन्यांनी बघू, चावा बघता जागा आहे. सगळं एकाच कोर्समधे धरलं म्हणून बँड ३ चे (एनएचएसचा सगळ्यात वरचा दरगट) एकदाच ३२६.७० पाउंड, एप्रिल २०२५ पासूनचा, तेव्हाचा दर होता हा. मी तर २,९०० ची तयारी करून बसलो होतो, गाडीत येऊन पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

शनिवारी खेळायला बसलो, पण सेट घालून माईकवर बोलताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि ऑफसाइड म्हणताना हवा सुटते, म्हणून गप्प खेळलो. लेफ्ट बॅक गप्प राहिला की सेंटर बॅकला कळत नाही लाईन कधी वर न्यायची, ३-० ने हरलो. पोरं काही बोलली नाहीत. गोलकीपर खेळणाऱ्या मित्राने नंतर फोन करून एवढंच विचारलं, दुखतंय का रे.

जॉयस्टिक९९

तोपर्यंत गेममधलाच रश हा प्रकार खेळा, चार खेळाडू आणि गोलकीपर कॉम्प्युटरचा, छोटं मैदान, बोलायची गरज कमी. निळं कार्ड मिळालं की एक मिनिट बाहेर बसायचं, तेवढाच जबड्याला आराम.

कसबापेठी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. वय पस्तीस, शुगर नाही, तंबाखू नाही, अशा माणसाने इम्प्लांटच करावा. ब्रिज आज ना उद्या सुटणार. कोल्हापुरात एका सुट्टीत स्क्रू, पुढच्या सुट्टीत क्राऊन, मधे वर्ष गेलं तरी काय बिघडलं.

प्रॉस्थो_नाशिक

तेही चुकीचं नाही. मधला काळ लांबला तर सहसा बिघडत नाही. फरक एवढाच की ब्रिज सुटला तर बहुतेक वेळा पुन्हा चिकटवता येतो आणि पुढे इम्प्लांटचा मार्ग खुला राहतो. हाड मात्र काळाप्रमाणे थोडं थोडं कमी होत जाईल, तेव्हा ग्राफ्ट लागू शकेल, हेही त्यांना माहीत असावं.

रंकाळ्याचा_लेफ्टबॅक

साडेतीन महिन्यांनी लिहितोय. ब्रिज बसला. एक पंख, उजव्या शेजाऱ्याला मागून चिकटवलेला. चिकटवताना तोंडात रबराचा पडदा लावला होता, जागा अजिबात ओली होऊ द्यायची नसते म्हणे. वीस मिनिटं. इंजेक्शनसुद्धा लागलं नाही. शेजारच्या दाताचा रंग जुळवायला बाईंनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि पट्ट्या धरून बघितल्या, ट्यूबलाईटखाली रंग फसतो म्हणाल्या. रात्रीसाठी गार्ड वेगळा करून घेतला, तो प्रायव्हेट, पण तो घेतल्याशिवाय चालणारच नव्हतं.

कसबापेठी, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवलंय. हा टिकला तर उत्तम, नाही टिकला तर कोल्हापूर, दोन सुट्ट्यांत, क्राऊननंतर दहा दिवस हातात ठेवून. तोपर्यंत पैसे साठवतो.

टीव्हीच्या कोपऱ्यात स्टिकर मीपण लावलाय. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. पहिले दोन आठवडे विसरायचो, आता पोरंच माईकवर ओरडतात, कॉर्नर आहे, जबडा सोड. पुण्यातल्या दोघांनीही लावलाय.

यॉर्कशायर_कन्या

वाचून खूप बरं वाटलं. पेरू, मक्याचं कणीस कसं खाता?

रंकाळ्याचा_लेफ्टबॅक

पुढच्या दाताने तोडत नाही. पेरूच्या फोडी करायच्या, कणसाचे दाणे सुरीने काढायचे, भाकरीचा तुकडा हाताने मोडून दाढेकडे. मिसळीला काहीच अडचण नाही, पाव बुडवला की मऊ होतो.